चिंधी खोटं बोलत नाही

आमच्या घरात फरशी पुसायला चिंधी नसायची. चिंधी होण्याइतकं जुनं कापड घरात भरपूर होतं, पण ते कुणाच्या ना कुणाच्या अंगावर असायचं. पिंपरीत रुळांच्या कडेला पत्र्याची एक खोली, रॉकेलचा स्टोव्ह, आणि फाउंड्रीत ओतकाम करणारा बाप. तो शिफ्टवरून यायचा तेव्हा दात आणि डोळे सोडून सगळा काळा. स्टोव्ह भडकला की भांडी काळी, भिंत काळी, माझी पुस्तकं काळी. आई भांडी राखेनं घासायची, पुस्तकं हातानं पुसायची आणि हात पदराला पुसायची. काजळी म्हणजे काय, हे मला कुणाकडून शिकावं लागलं नाही.

त्यामुळे घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट होऊन मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत परचेसला लागलो, आणि पहिल्याच दिवशी माझ्या साहेबांनी ड्रॉवरमधून कोराकरकरीत पांढरा बनियन काढून कात्रीनं त्याचे चौकोनी तुकडे केले, तेव्हा मला ते बघवेना.

"साहेब, नवीन होता तो," मी न राहवून म्हणालो.

"नवीनच लागतो, कांबळे. जुन्यावर आधीचे डाग असतात. डागाळलेला साक्षीदार कोर्टात चालतो का?"

मग त्यांनी त्यातला एक तुकडा पुरवठादारानं आणलेल्या नमुन्यावर फिरवला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, आणि पुरवठादाराकडे अशा नजरेनं बघितलं की तो बिचारा घाम पुसायला लागला. "चिंधी खोटं बोलत नाही," साहेब म्हणाले. नमुना परत.

हे फडतरे साहेब. आता निवृत्त झालेत. पिंपळे गुरवला आमच्याच सोसायटीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहतात, आणि मी त्यांना साहेबऐवजी काका म्हणतो. डोक्यावरचे म्हणालो ते पत्त्यापुरतं नाही.

माणूस सचोटीचा, यात वाद नाही. दिवाळीत पुरवठादारांकडून मिठाईचे खोके यायचे, ते साहेब सगळे परत पाठवायचे, वर पोच घ्यायचे. आम्ही ज्युनिअर पोरं त्या काजूकतलीकडे अंत्ययात्रेतल्या नातेवाइकांसारखे बघायचो. मग दुसऱ्या दिवशी ते घरून मोठा डबा आणायचे. विमलकाकूंच्या हातच्या चकल्या, शंकरपाळी, चिवडा. "पोरांना द्या म्हणून बजावलंय तिनं," एवढंच म्हणायचे, आणि चकलीच्या तेलासाठी प्रत्येकाला एक चिंधी द्यायचे. वापरलेली परत घ्यायचे.

काकू म्हणजे नवऱ्याच्या अगदी उलट. मी लग्नाआधी एका दिवाळीला त्यांच्या घरी गेलो होतो. इतर बायका फुलबाजी हात लांब करून धरतात. काकूंनी पदर खोचला, थेट सुतळी बॉम्बची वात पेटवली आणि मागेही न बघता रमतगमत परत आल्या. "तुम्ही लांब उभे राहा हो, वात मी पेटवते," हे त्या ओरडून सांगायच्या. फडतरे साहेब आधीच लांब, नाकाला रुमाल लावून उभे. "अर्धवट जळालेला माल आहे हा! धूर बघ! निकृष्ट!" आणि काकू हसतायत, हसतायत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

तर, हा माणूस प्रत्येक गोष्ट जळते कशी यावरून पारखतो. वडापावच्या गाडीवर उभे राहिले की आधी कढईच्या बुडाला चिंधी लावतात. गाडीवाला एकदा म्हणाला, "साहेब, वडा आतून खात्यात, कढई न्हाई." आमच्या लग्नात बुद्धमूर्तीपुढच्या मेणबत्त्यांवर त्यांनी चिंधी धरली आणि माझ्या आईला गंभीरपणे सांगितलं की हे मेण बरोबर नाही. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "कोन रं ह्यो मानूस? मेनबत्तीचं नाक पुसतोय!"

निवृत्तीनंतर तर हद्द झाली. सोसायटीच्या जनरेटरच्या नळकांड्याला चिंधी, वॉचमनच्या मच्छर अगरबत्तीला चिंधी, पाहुण्यांच्या मोटारसायकलींना चिंधी. शेवटी चेअरमन माझ्याकडे आले. "कांबळे, तुमचे साहेब आहेत ना ते? त्यांना कुठंतरी गुंतवा राव. हात जोडतो."

मी त्यांना आमच्या नेमबाजी क्लबात नेलं.

माझं आणि पिस्तुलाचं नातं साधं आहे. कॉलेजात एन.सी.सी.च्या परेडनंतर उपमा मिळायचा म्हणून मी नाव घातलं, आणि रेंजवर गेल्यावर कळलं की माझा हात हलत नाही. तेव्हापासून नेम धरतोय. आमचा क्लब चाकणच्या पुढं एका बंद पडलेल्या दगडखाणीत आहे. तीन बाजूंना कातळ, एका बाजूला पत्र्याची लांब शेड, बाहेर चिंचेचं झाड. रेंजची व्यवस्था बघतात ते ढमालेमामा, फौजेतून आलेले, तिथल्याच गावचे. राज्याच्या संघात निवड दोनदा माझ्या हातातोंडाशी येऊन गेली. कारण एकच, सराव कमी. तयार काडतुसं महाग, मिळतात कमी, रविवारी प्रत्येकाच्या वाट्याला मूठभर. आणि घरी बाप, आता म्हातारा, छातीतून शिट्टी वाजणारा, दर सणाला विचारायचा, "त्या महाराष्ट्राच्या जाकिटाचं काय झालं? का अजून शिंप्याकडंच हाय?" पोराच्या पाठीवर राज्याचं नाव त्याला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. मलाही ते त्याला दाखवायचं होतं, आणि त्याची छाती बघता त्याला फार थांबवून चालणार नव्हतं.

फडतरे काकांनी आयुष्यात एकच गोळी झाडली. लक्ष्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. वाकून खाली पडलेली काडतुसाची रिकामी पुंगळी उचलली, तिच्या तोंडावर चिंधी फिरवली आणि म्हणाले, "अरे अरे अरे. हे तर आपल्या जनरेटरच्याही वरचढ!"

त्या दिवसापासून ते दर रविवारी यायला लागले. काकूही बरोबर असायच्या, पण आत यायच्या नाहीत. चिंचेखाली पांढऱ्या गाडीत काच अर्धी खाली करून बसलेल्या. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा काका म्हणाले, "तिला आवाजाचा त्रास होतो." सुतळी बॉम्ब लावणारी बाई आणि आवाजाचा त्रास! पण म्हटलं, वय झालं. मी लांबून हात जोडायचो, त्या हसून हात हलवायच्या.

मग क्लबला स्वतःची काडतुसं भरण्याची रीतसर परवानगी मिळाली. झाडलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या आणि क्लबच्या कुलूपबंद खोलीत, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली त्या पुन्हा भरायच्या. खर्च निम्म्यावर आला असता, सराव भरपूर झाला असता. प्रश्न एकच होता. पावडर कुठली घ्यायची? मराठीत तिला दारू म्हणतात, पण 'क्लबात दारू निवडतोय' असं घरी सांगायची एकाचीही हिंमत झाली नाही, म्हणून पावडर. पावडरी नाना तऱ्हेच्या. काही नीट जळत नाहीत, पिस्तुलात काळा थर धरतात, मग पन्नासेक गोळ्यांनंतर पिस्तूल अडखळायला लागतं, शेडमध्ये धूर कोंडतो. काही जळून मागं जवळजवळ काहीच ठेवत नाहीत.

कमिटीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "स्वच्छ जळणारी पावडर निवडायचीय? अहो, मग फडतरे साहेब आहेत की!" सगळे हसले. मी हसलो नाही. मला पुढचं दिसत होतं.

"तिसऱ्या नमुन्याआधी तोंड उघडू नये," काकांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. परवानाधारक दुकानदाराकडून तीन छोटे डबे आले. काकांनी त्यांच्यावरची नावं कागद चिकटवून झाकून टाकली. "नावाला भुलून बऱ्याच जणांची लग्नं झाली आहेत," म्हणाले. एक, दोन, तीन असे नंबर घातले. त्यांची सही होईपर्यंत मोठी ऑर्डर जाणार नाही, असा कमिटीचा ठराव. राज्याच्या संघाची निवड चाचणी थंडीत. आणि मी उन्हाळ्यापासून रिकाम्या हातानं बसलेलो.

तपासणीची पद्धत सांगतो. आधी पिस्तूल लख्ख पुसायचं. मग एका नंबरच्या ठरावीक गोळ्या मी झाडायच्या. मग पिस्तूल मोकळं करून नळीतून नवी चिंधी फिरवायची आणि ती दोरीवर चिमट्यानं लावायची. शेडमध्ये बारशाला लंगोट वाळत घालावेत तशा चिंध्या लटकलेल्या. ढमालेमामा म्हणायचे, "सायेब, आपल्याला गोळी मारायचीय का बाळंतपन करायचंय?"

निकाल एखाद्या लहान पोरालाही कळला असता. एक नंबरची चिंधी आमच्या जुन्या स्टोव्हसारखी. दोन नंबरची राखाडी, वर चांगला झणझणीत वास. तीन नंबरची धोब्याकडून आल्यासारखी, ना डाग, ना धूर, ना वास. तीन नंबर घ्या, सही करा, संपलं!

पण छे. "हा उन्हाळा होता. पावसाळ्यातलं वागणं बघू." पावसाळा आला. "आता दमट हवा. कोरड्या हवेशी ताडून बघू." एका रविवारी गोळ्या सकाळी झाडल्या म्हणून दुपारी झाडायच्या. तीन नंबर सारखा उजवा ठरत होता, आणि काका सारखं म्हणत होते, "घाई नको, कांबळे. मला दोन नंबरचं अजून नीट कळलेलं नाही."

"काका, दोन नंबरचं काय कळायचंय? राखाडी आहे! डोळ्यांना दिसतंय!"

"दिसणं वेगळं, कळणं वेगळं."

आणि एक खोड. दोन नंबरची शेवटची गोळी झाडली रे झाडली, की ते खाली पडलेली गरम पुंगळी चिंधीत गुंडाळायचे आणि तडक बाहेर. "उन्हात बघून येतो." पाच-दहा मिनिटं गायब. पावसाचं आभाळ भरून आलेलं असलं तरी उन्हात बघून येतो! मी पिस्तूल हातात घेऊन उभा. मग परत येऊन पुंगळी इमानदारीत ट्रेमध्ये ठेवायचे आणि पुढची चिंधी कापायला घ्यायचे. मी चरफडलो की ढमालेमामा माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. "आरं ऱ्हाऊ दे की. जरा दम धर." मला वाटायचं, यांचंही डोकं फिरवलंय काकांनी.

दसरा गेला. दिवाळी तोंडावर आली. बाप दवाखान्यात चार दिवस राहून आला, आणि घरी आल्याबरोबर त्यानं जाकिटाचं विचारलं. त्याच्या पुढच्या रविवारी मी फुटलो.

"काका, बास झालं! चाचणी डोक्यावर आलीय. तुमची ही चिंध्यांची दिवाळी मला पुरे झाली. मला गोळ्या पाहिजेत, सराव पाहिजे. तुम्हाला निवडता येत नसेल तर कमिटीला तसं सांगा. पण माझं हे वर्ष घालवू नका. माझ्या बापाकडं फार वर्षं नाहीत."

मी साहेबांवर आवाज चढवला, हे माझं मलाच खरं वाटेना. काकांनी चष्मा काढला, चिंधीनं पुसला, परत घातला.

"बरोबर आहे तुझं," म्हणाले. "एकदा शेवटचं दोन नंबर झाड. मग सांगतो."

मी दात खाऊन झाडली. त्यांनी पुंगळी उचलली, गुंडाळली, आणि निघाले.

म्हटलं, आज सोडायचं नाही. मी पिस्तूल मोकळं करून मामांच्या ताब्यात दिलं आणि त्यांच्या मागोमाग बाहेर पडलो. चिंचेखाली गाडीच्या मागच्या बाजूनं मी पोचलो तेव्हा काका काकूंच्या खिडकीपाशी वाकलेले होते.

"भाऊ, मला घरी सोडता का?" काकू त्यांना विचारत होत्या. आवाज कसनुसा, परक्या माणसाशी बोलावं तसा. "माझे मिस्टर वाट बघत असतील. त्यांना चहा लागतो."

"सोडतो," काका म्हणाले. "आधी हे बघा बरं."

त्यांनी चिंधी उघडून पुंगळी त्यांच्या नाकापाशी धरली. काकूंनी वास घेतला. पुन्हा घेतला. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा चेहरा बदलला, बंद खोलीत कुणी दिवा लावावा तसा.

"अगबाई! दिवाळी आली का हो?" त्या म्हणाल्या. "ऑफिसच्या पोरांना डबा नेलात ना? त्या कांबळ्याला जास्त द्या, वाळकुंडा आहे नुसता."

"नेला. जास्त दिला."

"मग उभे काय राहिलात इथं? लांब व्हा, लांब व्हा. वात मी पेटवते."

आणि काका दोन पावलं मागं सरले. खिशातून रुमाल काढला, नाकाला लावला, आणि त्या उजाड खाणीत, जिथं ना बॉम्ब होता ना वात, ते ओरडले, "अर्धवट जळालेला माल आहे हा! धूर बघ! निकृष्ट!"

काकू हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या वेळी त्यांना समोरचा माणूस कोण आहे ते पुरतं ठाऊक होतं.

मी गाडीमागून तसाच वळलो. शेडच्या दारात ढमालेमामा उभे होते. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "व्हय. एक नंबरला खोकती, तीन नंबरला काय बी वास न्हाई. दोनालाच सायेबास्नी वळकती."

थोड्या वेळानं काका आत आले. पुंगळी ट्रेमध्ये ठेवली. दोरीवरच्या तिन्ही चिंध्या उतरवून टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि कंपनीत असताना बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "तीन नंबर. ऑर्डर द्या. चिंधी खोटं बोलत नाही."

सही केली. हात हलला नाही. मग दोन नंबरचा डबा उचलला, त्याच्यावर लावलेला कागद सोलायला लागले. "हे उरलेले नमुने दुकानदाराला परत करायचे. नमुना ठेवून घेणं नियमात बसत नाही."

ज्या माणसानं आयुष्यात काजूकतलीचा एक तुकडा ठेवून घेतला नाही, तो आता हेही ठेवून घेणार नव्हता. कागद सोलता सोलता त्यांनी डबा एकदा नुसताच हातात धरला.

"काका," मी म्हणालो, "दोन नंबरची तपासणी कुठं पुरी झालीय?"

त्यांनी मान वर केली.

"उन्हाळा झाला, पावसाळा झाला. थंडी राहिलीय की. थंडीतलं वागणं बघितल्याशिवाय नमुना परत करायचा? परचेसला मला कुणी शिकवलं होतं असलं?"

मी का बोललो ते त्यांना कळलं, आणि कळलंय हे त्यांनी मला कळू दिलं नाही. हा माणूस शेवटपर्यंत साहेबच.

"बरोबर," ते म्हणाले आणि सोललेला कागद बोटानं दाबून परत चिकटवला. "घाई करू नये."

तीन नंबर आली. मी पोटभर सराव केला. पावडर खरंच चांगली आहे, काकांच्या कटकटीला शोभेल अशी. दिवसभर झाडा, चिंधी पांढरीच. पण दर रविवारी सगळं उरकलं की शेवटची एक गोळी मी दोन नंबरची झाडतो. काका पुंगळी उचलून "उन्हात बघून येतो" म्हणतात. मी "या" म्हणतो. ते परत येईपर्यंत मी पिस्तूल पुन्हा पुसत बसतो, कारण त्या एका गोळीनं ते पुन्हा मळतं. दोन नंबरचा आणखी एक नमुना क्लबनं नुकताच रीतसर मागवलाय. पावसाळी तपासणी परत एकदा करून घ्यावी, असा प्रस्ताव मी मांडला आणि ढमालेमामांनी कमिटीत नसतानाही त्याला अनुमोदन दिलं.

काका अजूनही छळतात. परवा माझ्या पिस्तुलातली चिंधी उजेडात धरून सगळ्यांसमोर म्हणाले, "कांबळे, हे काय? राखाडी? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी ऐकून घेतलं.

थंडीत निवड चाचणी झाली. मी महाराष्ट्राच्या संघात निवडला गेलो. जाकीट बापानं घालून बघितलं. त्याला ते थोडं मोठं होतं.